तुम्ही विचारलंत म्हणून: बायोगॅससाठी नेपिअर गवत का नाही लावत?

लग्नात, बाजारात, परवा तर दवाखान्याच्या लायनीत पण तेच. "भाऊ, गवताचाच गॅस करायचाय तर बांधाला नेपिअर लाव ना, कुरणातला कचरा कशाला कोंबतो टाकीत?"

नेपिअरला पाणी लागतं, धुळ्यात राहून हे मी सांगायचं का? पण खरं कारण वेगळंय. आम्ही गॅससाठी गवत कापतच नाही, कुरणासाठी कापतो. उभं ठेवलं तर उन्हाळ्यात कोणाची एक बिडी आणि अख्खा माळ काळा. कापायचं पण दिवाळीनंतरच, पावसाळ्यात लावे पक्षी तिथंच जमिनीवर अंडी घालतात, आणि पवन्या-मारवेल या चांगल्या गवतांचं बी पडायला हवं. चांगलं गवत गुरांना जातं, वाळकी कुसळी, म्हणजे टोचरं गवत, गुरं हुंगून सोडतात ती टाकीत. आता असलं गवत म्हणजे अर्धं लाकूड, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा भाग, टाकीतल्या जिवाणूंना पचत नाही, नायट्रोजन कमी म्हणून शेण कालवावंच लागतं. सप्टेंबरात हिरवं कापलं तर गॅस जास्त निघेल, माहितीये मला.

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या रविवारचं पण सगळ्यांना माहितीये, तरी सांगतो. घरात सगळी भाऊबंदकी, पुरण शिजतंय, गंगाफळ चिरून ठेवलेलं, आणि शेगडी फुसफुसून विझली. मागे जाऊन बघतो तर गॅस धरणारी, वर तरंगणारी लोखंडी टाकी तिरपी होऊन अडकलेली. गवत फुगून वर तरंगलेलं, त्याचा हातभर जाड थर, टाकी आणि खड्ड्याच्या भिंतीच्या फटीत दोरखंडासारखे पीळ बसलेले. नव्या कपड्यातले चुलतभाऊ टाकी गोल फिरवतायत, मी विळ्याने पीळ कापतोय, तेवढ्यात एकाने बिडी काढली, त्याच्यावर असा ओरडलो की घरातल्या बाया बाहेर आल्या. नानीने काही न बोलता चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या घातल्या. मग म्हणाली, "जे ढोरे बी खातस नई, ते माले काबर देस रे?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आता गवत बोटभर कापून, शेणात भिजवून टाकतो, थर तरी धरतोच, टाकी रोज फिरवावी लागते.

सुरुवातीला मीच सांगत फिरायचो की गॅसमधून कापणीची मजुरी निघेल. नाही निघत. पण तेव्हाचा मी भेटला तर म्हणेल, स्लरी, टाकीतून निघणारं खत, कुठं धरलीस हिशोबात? आणि वणव्यात जळालं असतं त्याचं काय? बोलतो बरोबर, पण मजूर काही स्लरी घेऊन घरी जात नाही.

यंदा कुरणाच्या समितीत अर्धा पट्टा सप्टेंबरातच कापायचा विषय निघालाय. मी विरोधात बोललो. नानीने बाजूने हात वर केला.