कापूर उडालेला चाकू

मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर, कैरी कापायची म्हणून ड्रॉवरच्या तळातून निघालेला घडीचा जुना चाकू. मूठ कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी. पण ती आणि तोंडाशी असलेली जर्मन सिल्व्हरची टोपी यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट. काहून बा, चाकू वाळला काय?

वाळलाच म्हणायचा. देवघरातल्या कापराच्या डबीत चार मिरे टाकायचे असतात, का ते कुणी विचारत नाही. ही मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि वजनाने साधारण पाव हिस्सा कापूर. हायट बंधूंनी 1870 साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. त्यात मिरे टाकायला कुणाला सुचलं नाही. कापूर उडतो, मूठ आखडते. पण दोन्ही टोकांना खिळे घट्ट, म्हणून ताण भोकांवर येतो आणि तडा तिथूनच जातो.

अंगठ्याने घासून वास घ्यावा. कापराचा आला तर मुठीत जीव आहे. नुसती फट असेल तर सावकाश सुकणारं एरल्डाइट काळा रंग मिसळून भरावं, टोपीवर आधी चिकटपट्टी लावावी, दुसऱ्या दिवशी चारशेच्या पाण्याच्या पॉलिशपेपरने हाताने घासावं. मशीन लावायची नाही. हा भुसा पेट घेतो. टेबल टेनिसचा फुटका चेंडू ज्यांनी लहानपणी काडी लावून पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. वर्षा-दोन वर्षांत फट पुन्हा दिसेल. दिसू द्या.

वास झोंबरा असेल, मुठीखालच्या पितळी पत्र्यावर हिरवं धरलं असेल, तर आम्ल सुटलंय. ते शेजारच्या चाकूचंही पातं खातं, म्हणून असा चाकू बंद डब्यात इतरांसोबत ठेवू नये. मूठ उचकटून काढावी, खिळ्यांची डोकी कानशीने उडवावीत, पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पत्रा-पातं ब्रशने धुवावं, पुसावं, तेल लावावं.

नव्या मुठीला म्हशीचं शिंग दिसायला देखणं, पण पावसाळ्यात बसवलेलं शिंग नागपूरच्या मेमध्ये फट दाखवतंच. त्यापेक्षा तीन मिलिमीटर जाडीची शिसव बरी; रेषा लांबीला धरल्या की लाकूड त्या दिशेने जवळजवळ हलत नाही. खिळा 1.6 मिलिमीटरच्या पितळी तारेचा, भोक 1.7 चं. तार मिलिमीटरभर वर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या माराव्यात. घाव घातला की शिसवही चिरते, आणि मग सगळं पहिल्यापासून.

काढलेले तुकडे मात्र पाण्यात टाकून ठेवा, पानगळीचा कचरा पेटवणाऱ्यांच्या हाती लागू देऊ नका.

कैरी एव्हाना विळीवर चिरून झाली असेल.