५५,००० डॉलरचा तारा आणि जेम्स हाँग

हॉलिवूड बुलेवार्डच्या फुटपाथवर कलाकारांच्या सन्मानार्थ बसवलेल्या ताऱ्यांसाठी पैसे भरावे लागतात, हे कळलं तेव्हा मला खरंच राग आला. इथे लॉस एंजेलिसला आलेला प्रत्येक पाहुणा तिथे जायचा हट्ट धरतो. गुलाबी टेराझो, पितळी कडा, मधोमध नाव, सिनेमावाल्याच्या नावाखाली कॅमेरा, टीव्हीवाल्याच्या नावाखाली टीव्ही. आणि नियम असा, की कुणीतरी नाव सुचवायचं, हॉलिवूड चेंबर ऑफ कॉमर्सच्या समितीने ते निवडायचं, आणि मग सुचवणाऱ्याने रक्कम मोजायची. तारा घडवणं, बसवणं, त्याची देखभाल, सगळं त्यात धरलेलं. बहुतेक वेळा नवा चित्रपट येणार असतो आणि स्टुडिओ पैसे भरून टाकतो. ज्याच्यामागे स्टुडिओ उभा नाही, त्याने काय करायचं?

चिनी वंशाचे अमेरिकन अभिनेते जेम्स हाँग यांच्यामागे कुणी उभं नव्हतं. ‘कुंग फू पांडा’तला नूडल्सचं दुकान चालवणारा, पांडाला पोटच्या पोरासारखं वाढवणारा तो हंस आठवतो ना? त्याचा आवाज हाँग यांचा. तुमच्या घरच्या पोरांना तो तोंडपाठ असेल. १९२९ साली मिनिआपोलिसमध्ये त्यांचा जन्म झाला, वडिलांचं जडीबुटीचं दुकान होतं. १९५० च्या दशकापासून आजवर सिनेमा, मालिका, डबिंग, व्हिडिओ गेम मिळून त्यांची सहाशेच्या वर कामं झाली. तरी २०२० पर्यंत त्या फुटपाथवर त्यांचं नाव नव्हतं. शेवटी ‘लॉस्ट’ या मालिकेतला अभिनेता डॅनियल डे किम याने लोकांकडे हात पसरले. ५५,००० डॉलर हवे होते, ते काही दिवसांतच जमले. १० मे २०२२ रोजी तारा बसला, तेव्हा हाँग ९३ वर्षांचे होते. नियमावरचा माझा राग गेलेला नाही, पण हे पैसे स्टुडिओच्या जाहिरात खात्यातून न येता प्रेक्षकांच्या खिशातून आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

मला या माणसाविषयी विशेष आपुलकी असण्याचं एक कारण धंद्याचं आहे. हाँग सिव्हिल इंजिनिअर. इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातून (यूएससी) पदवी घेतली आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्ते खात्यात नोकरी केली. मीही सिव्हिलचीच, रस्त्याचं पाणी कुठून कुठे वाहील हे बघण्यात माझा दिवस जातो. १९५४ मध्ये विनोदवीर ग्राउचो मार्क्सच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी मोठमोठ्या नटांच्या नकला केल्या, खुद्द ग्राउचोची नक्कल ग्राउचोसमोर केली, आणि तिथून दारं उघडली. पुढच्याच वर्षी त्या काळचा बडा नायक क्लार्क गेबलबरोबर पहिला सिनेमा. यात आपल्या लोकांना नवल वाटणार नाही. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करत होते, डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. नोकरी सांभाळून रंगभूमी करणारी माणसं आपण घराघरात पाहिली आहेत.

फरक पुढे सुरू होतो. लागूंना आपल्या भाषेत, आपल्या रंगमंचावर नायक होता आलं. हाँग यांना काय मिळालं? धोबी, वेटर, खानसामा, शत्रूचा सैनिक. चिनी माणसाची मुख्य भूमिका असली की ती गोऱ्या नटाला. १९५७ साली चिनी गुप्तहेर चार्ली चॅनची मालिका आली, तर चॅन झाला जे. कॅरल नॅश, मूळचा आयरिश घराण्यातला, आणि हाँग त्याचा मुलगा. त्याआधी १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम लुईझ रायनरने केलं आणि ऑस्कर नेलं. त्याच वेळी इथेच, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची अभिनेत्री ॲना मे वाँग नाव कमावून बसलेली होती. तिला ती भूमिका मिळाली नाही. गोऱ्या नटांच्या डोळ्यांचे कोपरे चिकटपट्टीने ओढून धरायचे, वर रंगरंगोटी, आणि झाला चिनी माणूस! मी हे वाचते तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. १९६८ च्या ‘द पार्टी’त पीटर सेलर्सने तोंडाला रंग फासून भारतीय माणूस उभा केला, तो आपल्याकडे आजही हसत हसत पाहिला जातो. मला तो पाहवत नाही. भारतात होते तेव्हा कदाचित पाहवला असता. ऑफिसात कुणी मान हलवत त्या ढंगात बोलून दाखवलं, की तो विनोद राहत नाही.

माझी मुलगी इथेच वाढली. तिचं स्पष्ट मत आहे, की हाँग यांनी असली कामं नाकारायला हवी होती. आमचा यावर जोरदार वाद होतो. मी तिला म्हणते, नाकारून घरभाडं कोण भरणार होतं? आणि हे फक्त इथलंच आहे का? हिंदी सिनेमातली मोलकरीण आणि हवालदार मराठी का असतात? आमच्या अशोकमामांनी ‘करण अर्जुन’मध्ये मुन्शीजी केला, म्हणून ते लहान झाले का? मराठीत त्यांची जागा कुणी हलवू शकलं नाही. मिळालेल्या कामात जीव ओतणं ही लाचारी आहे असं मी कधीच मानणार नाही. परक्या देशात येऊन जी माणसं पडेल ते काम करतात, मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसून का होईना पण टिकतात, त्यांच्याबद्दल इथे जन्मलेल्या पिढीने जरा जपून बोलावं.

मग मी तिला ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा १९९१ चा तो भाग लावून दिला. चायनीज रेस्टॉरंट, तीन मित्र टेबलाची वाट बघतायत, अख्खा भाग त्या दारातल्या ताटकळण्यातच संपतो. हाँग तिथला व्यवस्थापक. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘पाच, दहा मिनिटं.’ चेहऱ्यावर ना मग्रुरी, ना दिलगिरी. वहीवर नजर, दुसऱ्याच कुणाला तरी टेबल. तिघांपैकी जॉर्ज कॉस्टॅन्झाचा फोन येतो तेव्हा ‘कॉस्टॅन्झा’ऐवजी ‘कार्टराइट!’ अशी हाक मारून मोकळा. आणि कंटाळून तिघं बाहेर पडतात त्याच क्षणी त्यांचं नाव पुकारतो. भूमिका चिनी रेस्टॉरंटवाल्याचीच आहे, अगदी साच्यातली. पण पूर्ण वेळ सत्ता कुणाच्या हातात आहे बघा! तिघे नायक त्याच्यासमोर हात बांधून उभे. मुलगी पोट धरून हसली, मत मात्र बदललं नाही तिने. ‘ब्लेड रनर’ या सिनेमातला, त्या गोठलेल्या प्रयोगशाळेत फरचा कोट घालून कृत्रिम डोळे बनवणारा म्हातारा हाही हाँगच. काही मिनिटांचं काम, आणि त्याचे ते कुडकुडणारे, भेदरलेले बोल डोक्यातून जात नाहीत.

वादात माझ्या बाजूने सगळ्यांत भक्कम गोष्ट मात्र वेगळी आहे. पडेल ती कामं करत असतानाच, १९६५ मध्ये, जपानी वंशाचा अभिनेता माको आणि इतर काही कलावंतांबरोबर हाँग यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘ईस्ट वेस्ट प्लेअर्स’ ही नाट्यसंस्था काढली. आशियाई नटांना जी माणसं पडद्यावर कुणी होऊ देत नव्हतं, ती त्यांना रंगमंचावर होता यावीत म्हणून. संस्था आजही जोरात आहे, लिटल टोकियो या इथल्या जपानी वस्तीतल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत तिचं थिएटर आहे. आम्ही महाराष्ट्र मंडळात गणपतीला नाटक बसवतो ते हौसेपोटी, आपली भाषा कानावर पडावी म्हणून. आमचे नट सोमवारी आपापल्या नोकरीवर जातात. यांना तिथून पोट भरायची वाट काढायची होती. तोलामोलाची तुलना नाही, तरी तालमीच्या खोलीतली धडपड मला ओळखीची वाटते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ या सिनेमाच्या सगळ्या नटसंचाला अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. हाँग त्यात व्हीलचेअरवरचे आजोबा आहेत. चौऱ्याण्णवी नुकतीच पूर्ण झालेली. माइक त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी गेबलबरोबरच्या पहिल्या सिनेमाचा विषय काढला, ‘द गुड अर्थ’चा काढला, डोळ्यांच्या चिकटपट्ट्यांचा काढला. ते म्हणाले, निर्माते म्हणायचे, आशियाई लोक कमी पडतात, त्यांच्या नावावर तिकिटं खपत नाहीत. ‘आता बघा आम्हाला!’ सभागृह उभं राहिलं. मी घरी सोफ्यावर ओरडले. मुलगी म्हणाली, “पण आई, यासाठी त्यांना चौऱ्याण्णव वर्षं का लागावीत?” तेवढं तिचं बरोबर आहे, आणि त्यावर आमच्या घरात वाद नाही. पुढच्याच वर्षी ‘कुंग फू पांडा ४’ आला, त्यातही हंस बोलतो तो त्यांच्याच आवाजात.