भूलवाली मॅडम

चोपडा, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

काल माहेरी आले. दुपारी रस-पोळी झाल्यावर ओसरीवर लवंडले होते, तेवढ्यात मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण आठवलं. दर पाच वर्षांनी करावं लागतं, सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांचे, 30 क्रेडिट पॉइंट लागतात. माझे 11 झालेत.

काकू शेजारणीला सांगत होती, "ही आमची डॉक्टरीण. आता घरीच असते." शेजारीण म्हणाली, "मंग एक सीट फुकटच गेली ना!" मी हसले. एमबीबीएस साडेपाच वर्षं, सरकारी सेवेच्या बंधपत्राचं एक, एमडीची तीन, मग सहा वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून भुसावळ, यावल, फैजपूर. पेशंट भूलवाली मॅडम म्हणायचे. फुकट गेली म्हणे.

खरं तर 'सोड' असं मला कोणीच म्हटलं नाही. नवऱ्याने नाही, सासूबाईंनी तर नाहीच. रात्री दोनला सिझरचा फोन आला की त्याच दार उघडायच्या आणि विचारायच्या, "इतल्या रातले कोठे जास व माय?" आणि हातात पाण्याची बाटली द्यायच्या.

आमचं काम कॉलवर, केसमागे पैसे. 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरीवालीला. मी ऊर्वीच्या वेळी चार महिने थांबले. परत उभी राहिले तर फोन येईनात. एका सर्जनला मीच विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, बाळ लहान आहे, रात्री कशाला त्रास द्यायचा? दुसऱ्यांना सांगितलं." अगदी काळजीने. भांडायचं कोणाशी? रात्रीचे कॉल गेले की दिवसाचेही जातात, कारण सर्जनला एकाच माणसाची सवय लागते. वर्षभरात महिन्याला दोन केसवर आले. एकदा ऊर्वीला 103 ताप आणि तिकडे ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट टेबलावर. त्यानंतर मीच फोन सायलेंटवर टाकायला लागले.

शाळेत आनंदीबाई जोशींवर भाषण केलं होतं, पाठ करून. 1886 ची पदवी, टाळ्या. 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, दवाखाना काही चालवता आला नाही, हे भाषणात कुठे आलंच नव्हतं. डॉक्टर रखमाबाईंनी मात्र सुरत-राजकोटला 35 वर्षं काम केलं. सुरत म्हणजे नंदुरबारहून आपल्या गाडीच्याच वाटेवरचं. पण त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. नवऱ्याने भरलेला खटला त्याचाच तर होता! (हे नवऱ्याला वाचून दाखवायचं नाही.)

संध्याकाळी भाची झोक्यावर बसून बायोलॉजीचे प्रश्न सोडवत होती. चार दिवसांवर नीटची परीक्षा आलीय. मला म्हणाली, "आत्या, ॲनेस्थेशियात म्हणे शांतता असते?" मी म्हटलं, "पेशंटला असते."

रात्री मोबाईलवर पाहिलं. जळगावला सीएमई आहे, रविवारी सकाळी नऊ ते पाच. नवऱ्याला त्या दिवशी दोन ऑपरेशनं करायची आहेत. ऊर्वीला इथेच ठेवता येईल का, ते उद्या आईला विचारते.