तोंडी लावणं

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज झाला की खोलीच्या कोपऱ्यातून शीळ येते. एकदा नव्हे, दम लागेपर्यंत, दर खेपेला थोडी वरच्या पट्टीत. पिशवी नुसती चुरचुरली तरी तेच. गिनीपिग पाळणाऱ्याला ही शीळ आठवड्याभरात ओळखू येते. गिनीपिगने फ्रिज त्याच्याही आधी ओळखलेला असतो.

या शिळेने भलेभले फसतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारं कधीचं उपाशी आहे. ते उपाशी नसतं. त्याच्या नाकासमोर गवताचा ढीग पडलेला असतो आणि त्याला काकडी हवी असते, एवढंच. पण ज्याच्या हातात सुरी आणि काकडी आहे त्याला हा फरक त्या क्षणी पटत नाही. गिनीपिगच्या आहारात ज्या चुका होतात, त्यातल्या निम्म्या हेळसांडीच्या नसून मायेच्या असतात. आपल्याला चार पदार्थ नसले तर जेवल्यासारखं वाटत नाही. या प्राण्याचं जेवण मात्र जन्मभर एकच आहे, वाळलेलं गवत. बाकी सगळं तोंडी लावणं.

या गवताला दुकानात इंग्रजी ‘हे’ (hay) म्हणतात. मराठीत त्या शब्दाने घोटाळाच होतो: ‘याला फक्त हे द्या’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘हे म्हणजे काय?’ तेव्हा आपण गवतच म्हणू. किती द्यायचं, तर मोजून नाही. रोज निदान त्या प्राण्याच्या अंगाएवढा ढीग, आणि तो संपायच्या आत दुसरा. दहा घासांतले आठ-नऊ गवताचे हवेत.

इतकं गवत कशाला, याचं उत्तर तोंडात आहे. गिनीपिगला 20 दात असतात: समोर वर-खाली मिळून 4 पटाशीचे आणि मागे 16 उपदाढा-दाढा. सुळे नाहीत. हे वीसच्या वीस दात मरेपर्यंत वाढत राहतात. पटाशीचे दात दिसतात, त्यामुळे लोकांना त्यांचीच काळजी; मग पिंजऱ्यात कुरतडायला लाकडाचा ठोकळा ठेवतात. ठोकळ्याने पुढचे दात झिजत असतील, मागच्या दाढांना त्याचा काही उपयोग नाही. दाढा झिजतात त्या लांब, चिवट काडी मागे-पुढे रगडून रगडून चावताना. मऊ खाण्यावर वाढलेल्या गिनीपिगच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला कलतात आणि जिभेवर कमान धरतात. जीभ त्या कमानीखाली अडकते. मग तो खाण्याकडे धावत येतो, तुकडा तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली दिसते. लोक म्हणतात, चोखंदळ झालाय. त्याला गिळता येत नसतं.

दुसरं उत्तर पोटात. गाय रवंथ करते, गिनीपिग करत नाही. त्याचं आंबवण्याचं काम आतड्याच्या मागच्या भागातल्या एका मोठ्या पिशवीत, असंख्य जिवाणूंकडून चालतं. तिथे तयार होणारी मऊ, पौष्टिक लेंडी तो थेट गुदद्वाराशीच तोंड नेऊन परत खातो. पाहणाऱ्याला किळस येते, पण ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला त्यातून मिळतात. फार लठ्ठ गिनीपिगला तिथपर्यंत वाकता येत नाही, आणि लाडाची किंमत अशी अनपेक्षित ठिकाणी मोजावी लागते. शिवाय हे आतडं मागून नवा घास आला तरच पुढचं पुढे ढकलतं. तंतू कमी पडले की ते मंदावतं, वायू धरतो, पोट ढोलासारखं फुगतं. आणि उलटी करून मोकळं होण्याची सोय या प्राण्याला नाही. म्हणून एक वेळ उपास घडला तर घडला, हा आपला हिशेब इथे चालत नाही. गिनीपिगने बारा तास काही खाल्लं नाही, तर सकाळ व्हायची वाट न पाहता प्राण्यांच्या डॉक्टरला गाठायचं.

गवत निवडताना डोळ्यांपेक्षा नाकाचं ऐकावं. चांगल्या गवताला गोडसर वास येतो, रंगात हिरवेपणाची छटा राहिलेली असते. कुबट वास, काळे ठिपके किंवा झटकल्यावर उडणारा धुरळा असेल तर ते टाकून द्यावं. बुरशी आणि धूळ फुप्फुसाला बाधते. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगला टिमोथी, ऑर्चर्ड किंवा कुरणातलं मिश्र गवत चांगलं. पेंढा म्हणजे गवत नव्हे: दाणे झोडून उरलेल्या त्या पोकळ काड्यांत पोषण नाममात्र, आणि टोकं डोळ्यात घुसतात ती वेगळी. साठवायचं तर कोरड्या, सावलीच्या जागी, खोक्यात किंवा कापडी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलं आणि आत थोडा ओलावा राहिला, की आठवड्यात बुरशी.

लसूणघास, म्हणजे दुकानातला अल्फाल्फा, हे प्रकरण निराळं. त्यात प्रथिनं भरपूर आणि कॅल्शियमही भरपूर, म्हणून सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला तो चालतो. एरवी नको. बहुतेक प्राणी कॅल्शियम गरजेपुरतं शोषतात. गिनीपिग मिळेल तेवढं शोषतो आणि उरलेलं लघवीवाटे टाकतो. लघवी वाळल्यावर थोडा पांढरा डाग दिसणं नेहमीचं आहे. पण तो डाग बोटाला वाळूसारखा लागला, किंवा लघवी करताना प्राणी कण्हला, किंवा लालसर थेंब दिसला, तर मुतखड्याची शंका घ्यावी. (नावात लसूण असली तरी लसूणघासात ती नसते. खरी लसूण आणि कांदा दोन्ही गिनीपिगला वर्ज्य.)

आता तोंडी लावण्याकडे. ते चैनीचं नाही, सक्तीचं आहे, आणि कारण एकच: क जीवनसत्त्व. उंदीर ते स्वतःच्या यकृतात बनवतो. गिनीपिगला ते बनवता येत नाही, कारण त्याच्या शेवटच्या टप्प्याला लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्यात तयार होत नाही. माणसातही होत नाही. या एका बाबतीत हा प्राणी आपला भाऊबंद. नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे संशोधक बेरीबेरी या रोगाचा शोध घेत गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवत होते. बेरीबेरीऐवजी त्यांना दिसला खलाशांचा जुना रोग, क जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही. 1907 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनी वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व, हेही गिनीपिगवरच सिद्ध झालं, आणि 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याला संत्र्याचं महत्त्व ज्या प्राण्याने शिकवलं, त्याला आपण कोरड्या दाण्यांवर ठेवावं हे जरा जास्तच झालं.

गरज किती? निरोगी, वाढ झालेल्या गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम. गाभण मादीला आणि आजाऱ्याला जास्त. कमी पडलं तर दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतं. केस विस्कटतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि उड्या मारणारा प्राणी एका जागी गोळा होऊन बसतो, उचललं की किंचाळतो. आळशी झालाय असं म्हणण्याआधी ताटात काय पडतंय ते बघावं.

इथे भाज्यांची खरी परीक्षा होते. लाल ढोबळी मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 125 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, हिरवीत 80. म्हणजे किलोभराच्या गिनीपिगला 25 ग्रॅम लाल मिरची, एक बऱ्यापैकी फोड, दिवसाला पुरते. काकडीत 100 ग्रॅमला जेमतेम 3. काकडीवरच भिस्त ठेवली तर त्याला रोज स्वतःच्या वजनाएवढी काकडी खावी लागेल. त्याची काही हरकत नसेल, ही गोष्ट वेगळी.

रोजचं माप ठेवायचं ते एका प्राण्याला एक कप चिरलेली भाजी, शक्यतो सकाळ-संध्याकाळ विभागून. त्यात बहुतांश पालेभाजी: रोमेन लेट्यूस, कोथिंबीर, असलं काही, आणि ढोबळी मिरचीची फोड रोज. पार्सली, केल आणि पालक आलटून-पालटून, थोडेच, कारण पुन्हा कॅल्शियम, आणि मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेट. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे पानात बांधलेलं पाणी. कोबीने पोट धरतं. गाजरात साखर बरीच, म्हणून चकतीभर, तीही रोज नको. फळ आठवड्यातून एक-दोनदा, अंगठ्याच्या पेराएवढं. भाजी धुऊन, पाणी निथळून, फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवून द्यावी आणि उरलेली दोन-तीन तासांत उचलावी.

नवी भाजी एका वेळी एकच, नखाएवढ्या तुकड्याने सुरू करावी आणि दुसऱ्या दिवशीच्या लेंड्या पाहाव्यात. मऊ झाल्या तर ती भाजी थांबवून दोन दिवस नुसतं गवत. काही गिनीपिग नवा पदार्थ हुंगून पाठ फिरवतात. हा हट्ट लहानपणीचा आहे. लहानपणी जे चाखलं तेच अन्न, अशी त्यांची समजूत असते. पिल्लू जन्मतःच दात आणि केस घेऊन येतं आणि एक-दोन दिवसांतच गवत चघळू लागतं, तेव्हा चवी लावायच्या त्या त्याच वयात. मोठ्याला तोच तुकडा आठ-दहा दिवस रोज समोर ठेवत राहावं.

पाण्यात टाकायचे क जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात, ते घेऊ नयेत. उजेडात आणि पाण्यात ते जीवनसत्त्व भराभर निकामी होतं, चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो, आणि पोटात किती गेलं हे कोणालाच कळत नाही. पूरक द्यायचंच तर डॉक्टरांना विचारून थेट तोंडात.

दाण्यांबद्दल थोडक्यात. एकसारखे, गवतापासून दाबून केलेले दाणे, म्हणजे पेलेट, दिवसाला एका प्राण्याला दोन मोठे चमचे, संपलं. बिया, वाळकी फळं आणि रंगीत तुकडे घातलेलं मिश्रण नको. तो गोड तेवढं वेचतो आणि कामाचं मागे ठेवतो. सशाचे पेलेटही नकोत, त्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं. गिनीपिगच्या पेलेटमधलंही काही महिन्यांत ओसरतं, म्हणून पाकिटावरची तारीख पाहून लहान पाकीट घ्यावं. पेलेट बदलायचे तर जुन्यात नवे मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावेत.

बटाटा, त्याचा पाला, रूबार्ब, अॅव्होकॅडो, चॉकलेट, दूध, पाव यांतलं काहीही नको. बाहेरचं गवत हाताने खुडलेलं, फवारणी नसलेलं चालतं. यंत्राने कापलेलं नाही, ते चिरडलेलं असतं आणि ढिगात तापून आंबू लागतं. घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी तर अजिबात देऊ नये. अमॉक्सिसिलीन तोंडावाटे गेलं की आतड्यातले जिवाणू मरतात आणि मागोमाग प्राणीही.

आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला वाडग्यात बसवून वजन लिहून ठेवावं. वाढ झालेला गिनीपिग 700 ते 1200 ग्रॅमच्या दरम्यान असतो. 50 ग्रॅम घटले तर लक्ष ठेवायचं, 100 घटले तर डॉक्टर. दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत आहे, पण काट्यापुढे त्याचं काही चालत नाही.

आणि पाणी. किलोमागे रोज सुमारे 100 मिलिलिटर, पाला भरपूर असेल तर कमी. बाटली भरलेली दिसते म्हणून पाणी येतंय असं समजू नये. चघळलेला पाला नळीत उलटा जातो आणि आतली, पाणी सोडणारी धातूची गोळी अडकते. रात्री दिवा मालवण्याआधी नळीच्या टोकाला बोट लावून एक थेंब येतो का बघावं, बाजूला मूठभर गवत टाकावं. शीळ आली, तरी गवतच.