पापण्या सुजल्या, आणि मी थिनरला दोष देत बसलो

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. पापण्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. आईने बघितलं आणि म्हणाली, "काहून रे, बिब्याखालून गेलता का?"

आमच्या आर्वीकडच्या गावात अंग सुजलं की पहिली शंका बिब्यावरच. पण मी रानात गेलोच नव्हतो. दोन दिवस एका घरात रोलर मारत होतो. रंग पाण्याचा, वास न येणारा.

मी 27 वर्षांपासून पेंटर आहे. हाताचं दुखणं पापण्या सुजायच्या आधी तीन वर्षांपासून चालू होतं. बोटांच्या बेचक्यात तिळाएवढे पाण्याचे फोड यायचे, रात्रभर खाज, मग कातडी फाटून भेगा. पोळी मोडताना तिखट लागलं की डोळ्यात पाणी यायचं. मी ठरवून टाकलं होतं की हे थिनरचंच काम. वास त्याचा, झोंबतो तो, आणि संध्याकाळी हात त्यातच धुवायचे, ही आम्हा सगळ्यांची सवय. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. दीड वर्ष ती चोळली, तर मनगटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, हे मला नंतर कळलं.

पापण्या सुजल्यावर मात्र वर्ध्याला कातडीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी हात बघितला नाही, वर्षाचा हिशोब विचारला. मी सांगितलं, मृगापासून पोळ्यापर्यंत रंगकाम बंद असतं, मी वावरात असतो, तेव्हा हात साफ होतात. "पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता ना? कशाने?" ऑइल पेंटने, थिनर टाकून. "मग तेव्हा हात उठतात का?"

नाही उठत. तीन वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ॲलर्जी कशाची आहे ते बघायची पॅच टेस्ट त्यांनी थंडीत ठेवली. उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात म्हणाल्या. जानेवारीत पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस आंघोळ नाही, ओझं उचलायचं नाही. 48 तासांनी पट्ट्या काढून पाठ बघितली आणि दोन दिवसांनी पुन्हा. मोबाईलवर फोटो दाखवला : थिनरच्या जातीच्या टर्पेंटाइनची जागा कोरी, आणि एका ठिपक्यावर लाल, उंचावलेला, बारीक फोडांचा चट्टा. नाव मिथाईल आयसोथायाझोलिनोन.

पाण्याचा रंग डब्यात सडू नये म्हणून हे घालतात. भिंत ओली असताना ते हवेत उडतं, रंगवल्यानंतर कितीतरी दिवस उडत राहतं. म्हणून हात न लावता पापण्या सुजल्या. आणि ही ॲलर्जी लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. तोवर आपण दुसऱ्या घरी, दुसऱ्या कामावर असतो. मग दोष जाईल कुणावर? ज्याचा वास येतो त्याच्यावर. थिनरही साधा नाही म्हणा. तो कातडीचं तेल ओढून घेतो, तिला फोडतो, आणि त्या भेगांतून दुसरं आत शिरतं.

माझा चुलतभाऊ मिस्त्री आहे. घरकुलांची कामं करतो. त्याचे हात सिमेंटने गेले, आणि पायांवर चपलेच्या पट्ट्यांच्याच आकाराचे चट्टे. त्याची टेस्ट क्रोमियमची निघाली. सिमेंटात क्रोमियम असतं आणि चामडं कमावतानाही तेच वापरतात. युरोपात 2005 पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमला दहा लाखात 2 भागांची मर्यादा आहे. ते आवरायला सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात, कळवायलाच हव्या अशा रोगांच्या यादीत, रसायनं आणि रंगांमुळे होणारा त्वचारोग नाव घेऊन लिहिला होता. पण ते कारखान्यासाठी. कुणाच्या ओसरीत घोडीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात कुणी कुणाला कळवायचा? मला याचा फार राग येतो.

आता मी दारं-खिडक्यांचं ऑइल पेंट आणि चुन्याचं काम घेतो. चुन्यात ते औषध लागत नाही, मात्र चुना स्वतःच भाजतो, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि आत सुती. आत घाम साचला की बदलायचे. रंग लागलाच तर खायचं तेल चोळून मग साबण. पाण्याच्या रंगाची खोली माझा जोडीदार मारतो, आणि मी त्या खोलीत पाय ठेवत नाही. भांडी घासायचं लिक्विडही बदललं, त्याच्या लेबलवर तेच नाव निघालं.

गेल्या आठवड्यात कामावर 19 वर्षांचं नवं पोरगं आलं. संध्याकाळी त्याने थिनरच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातले. मी धरून बाहेर काढले. बोटांच्या बेचक्यात तेच तिळाएवढे फोड.

"भाऊ, हे तर सगळ्याइले होते."

त्याला तेलाची बाटली दिली. सोमवारी त्याला घेऊन वर्ध्याला जातो. डब्यांच्या लेबलांचे फोटो काढून ठेवायला सांगितलंय, आणि खाज कोणत्या दिवशी उठली ते कॅलेंडरवर लिहायला.