भावकी शोधताना: कोतवाल बुक, नामावळी आणि चंपाषष्ठीची तळी

कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा, तर त्यात गाव, पूर्ण नाव आणि नोंदीचं साल लिहावं लागतं. म्हणजे जे शोधायला आपण गेलो, तेच आधी सांगायचं. पणजोबांच्या भावाची शाखा गाव सोडून कुठे गेली, हे काढायला मला सगळं मिळून साडेआठ महिने लागले आणि त्यातले सात त्या एका खिडकीपाशी गेले. हे सात महिने वाचू शकले असते, याची चुटपुट अजून जात नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी हे कागद काय आहेत ते समजून घ्या. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यूची खबर द्यायचा, त्याची नोंद गाव नमुना क्रमांक १४ मध्ये व्हायची. तेच कोतवाल बुक. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा आल्यावर ही व्यवस्था मागे पडली. त्याआधीच्या साध्या शेतकरी घराचा माग काढायला याच्याइतका चांगला कागद नाही, कारण यात जमीन नसलेल्यांचीही नोंद आहे.

मला तीनदा एकच उत्तर मिळालं: ‘शोध घेतला असता नोंद आढळून येत नाही.’ तीनही वेळा नोंद तिथेच होती. ती न सापडण्याची कारणं मला एकेक करून कळली.

पहिलं कारण माझ्या अर्जातच होतं. मी पणजोबांच्या भावाचं नाव घालून जन्मनोंद मागितली होती. खबर बारशाच्या आत जायची, त्यामुळे जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढं लिहिलेलं असतं आणि पुढे बापाचं नाव. म्हणजे जन्मनोंद शोधायची ती बापाच्या नावाने. मृत्यूच्या नोंदीत माणसाचं स्वतःचं नाव मिळतं, म्हणून सुरुवात मृत्यूपासून करा.

दुसरं, गाव. आज स्वतंत्र ग्रामपंचायत असलेली वाडी पूर्वी मूळ मौज्यात धरलेली असते. वाडीच्या नावाचा गठ्ठा काढून बघितला तर काहीच निघणार नाही. शिवाय तालुके-जिल्हे फुटलेले आहेत. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१चे, लातूर १९८२चा, नंदुरबार आणि वाशिम १९९८चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९चे, पालघर २०१४चा. गाव नव्या तालुक्यात गेलं तरी जुने गठ्ठे सगळेच त्याच्यामागे गेलेत असं नाही. जुन्या तालुक्याच्या ठिकाणीही विचारावं लागतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं: मोडी. अख्खी ओळभर शिरोरेघ आधी ओढून ठेवायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, अशी ही लिपी. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. ज्याला ती येत नाही त्याच्यासमोर उघडलेलं पान आणि कोरं पान सारखंच. कक्षात मोडी वाचणारं कोणी नव्हतं. त्यामुळे ‘शोध घेतला’ याचा अर्थ बाळबोधात, म्हणजे देवनागरीत लिहिलेली वर्षं चाळली, एवढाच होता. हे मला चौथ्या खेपेला, तेही शिपायाकडून कळलं. लेखी उत्तरात हे एका वाक्याने सांगितलं असतं तर मी पहिल्याच महिन्यात मोडी वाचक घेऊन गेलो असतो. याचा राग आहे आणि तो रास्त आहे असं मला वाटतं.

गाडी हलली ती माहितीच्या अधिकारातल्या अर्जाने. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘अमुक नोंद द्या’ असं लिहू नका, त्याला पुन्हा तेच उत्तर येतं. ‘मौजे अमुकच्या जन्म-मृत्यू नोंदवह्यांचं या दहा वर्षांसाठी अवलोकन करू द्यावे आणि निवडलेल्या पानांच्या छायाप्रती द्याव्यात’ असं लिहा. अवलोकनाचा पहिला तास मोफत असतो, प्रत पानाला दोन रुपये. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करायचं, आणि त्यासाठी पहिल्या अर्जाची पोच लागते. ती सांभाळा.

अवलोकनाला मोडी वाचक सोबत न्या. ते पानाच्या दराने पैसे घेतात, दर आधी ठरवा. लिप्यंतरावर समाधान मानू नका, मूळ पानाची प्रत घ्याच. आमच्या पानावर बापाच्या नावात ‘बिन’ होतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बायकांच्या नावापुढे ‘कोम’ येतं, म्हणजे अमक्याची बायको. हा ‘कोम’ फार कामाचा. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच घरात तीच दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटून-पालटून येतात आणि कुठला कोण ते कळत नाही. बायकोच्या नावावरून पिढी पक्की होते. तिथेही अडलं तर वारसाचा फेरफार काढा, नमुना ६ मध्ये. जमीन असेल तर गट किंवा सर्व्हे नंबरवरून बाप-लेक जुळतात.

सन २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी बऱ्याच जिल्ह्यांत या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या, पानं स्कॅन झाली, गाववार याद्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. तुम्हाला कुणबी जातीचा दाखला नको असला तरी त्या याद्या आधी पाहा, कदाचित खिडकीपाशी जावंही लागणार नाही. जुन्या खरेदीखतावर साल शकात असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात असेल तर ५९०. एखादं वर्ष इकडेतिकडे होतं, कारण ती वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत.

पण हे सगळं दुसऱ्या क्रमांकाला करायचं होतं. पहिल्यांदा जायला हवं होतं त्र्यंबकेश्वरला.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या असतात. भाग वाटून घेतलेले असतात. मूळ गाव, जात आणि आडनाव सांगितलं की ज्यांच्याकडे तुमच्या भागाची वही आहे त्या गुरुजींचं घर कोणीही दाखवतं. कापडात बांधलेली वही उघडली की कोण आलं होतं, त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलं, आणि खाली सही किंवा अंगठा. आमच्या वहीत पणजोबांच्या भावाच्या मुलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी होत्या आणि शेवटी ‘हल्ली मुक्काम’ म्हणून नव्या गावाचं नाव. सात महिने ज्याच्यासाठी घातले ते गाव तिथे वीस मिनिटांत मिळालं. सिंहस्थाच्या वर्षांतली पानं जरूर बघायला सांगा, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६, त्या वर्षी कुटुंबंच्या कुटुंबं येतात. २०२६-२८च्या सिंहस्थात मात्र या कामाला जाऊ नका, गुरुजींना वही काढायला वेळ नसतो. दक्षिणा मोकळ्या हाताने द्या, वह्या त्यांच्या घराण्यांनी स्वतःच्या पदराने जपल्यात.

निघण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क बाईशी बोला. तिला कुळाचार तोंडपाठ असतो. लग्नात देवक कोणतं, कुणाचं सुतक दहा दिवस धरायचो, कुणाचं तीन, कुणाच्या घरी लग्नाची पहिली अक्षत जायची. देव्हाऱ्यातला टाक हातात घेऊन बघा. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. घराणं वेगळं झालं तेव्हा थोरल्याकडे मूळ टाक राहिले आणि धाकट्याने नवे घडवले, असं बऱ्याच घरांत सांगतात.

पत्ता मिळाल्यावर पहिला फोन जपून करायचा. वंशावळ काढतोय म्हटलं की समोरच्याच्या मनात सातबारा येतो. ते साहजिक आहे, कितीतरी घरांत असा फोन वाटणीच्या दाव्याआधीच आलेला असतो. म्हणून पहिल्या मिनिटात सांगून टाका की जमिनीचा विषय नाही, आणि मग आपलं कुलदैवत आणि देवक सांगा. मी देवक सांगितलं आणि मी पुढे काही सांगण्याआधीच पलीकडच्या काकांनी त्यांच्या आजोबांचं नाव घेतलं. नामावळीच्या पानाचा फोटो पाठवा, त्यांच्याच माणसाची सही त्यांना दिसू द्या. लगेच घरी बोलावू नका. देवाच्या निमित्ताने भेटा.

आम्ही चंपाषष्ठी निवडली, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. ताम्हनात भंडारा, खोबरं, पान-सुपारी आणि नारळ ठेवून पाच पुरुषांनी ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तळी उचलायची. तीन इकडचे, दोन तिकडचे. त्यांच्याकडे भरीत-रोडग्याचा नैवेद्य तसाच चालू होता, आमच्याकडे शहरात येऊन तो पुरणपोळीवर आला होता. आता आम्ही पुन्हा बाजरीचा रोडगा करतो. त्यांच्यातलं एक घर माळकरी आहे, त्यांच्या घरी जागरण-गोंधळ होत नाही. त्यांना आग्रह केला नाही. ते तळीला आले, भंडारा लावला आणि हरिपाठ म्हटला. श्रद्धेच्या बाबतीत आपलीच रीत मूळची, असं धरून बसलं की सापडलेलं घर पुन्हा लांब जातं.

हे सगळं झालं की त्र्यंबकेश्वरला परत जाऊन नोंद पुढे न्यायला विसरू नका. दोन्ही शाखांची माणसं एकत्र जा. आजचं गाव, तालुका, जिल्हा पूर्ण लिहा, परदेशात कोणी असेल तर त्याचं शहर लिहा. गुरुजी बहुधा फक्त मुलांची नावं विचारतील. मुलींची सांगा, लग्न झालेल्यांची सासरच्या गावासकट सांगा, आणि खाली सही स्वतःच्या हाताने, सुटी, वाचता येईल अशी करा.