पेटीतला औषधसाठा: या हंगामाच्या नोंदी

आतल्या भिंती मुद्दाम खरवडून ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेटीत आता प्रोपोलिसचा, म्हणजे माश्या झाडांवरून आणतात त्या चिकट राळेचा, जवळजवळ सलग थर तयार झाला आहे. शेजारची रंधा मारलेली गुळगुळीत पेटी तुलनेसाठी तशीच ठेवली होती. तिथे माश्यांनी फक्त सांधे आणि फ्रेमचे कान लिंपले आहेत. ढोलीच्या खडबडीत लाकडावर माश्या आतून राळेचं अस्तर चढवतात. आपल्या सुबक पेटीत त्यांना ते सुचत नाही, कारण बुजवायला फटीच सापडत नाहीत.

राळ आणणारी माशी दारातच ओळखता येते. परागाचे गोळे कोरडे, पिठूळ दिसतात. राळेचा गोळा ओला आणि काचेसारखा चकचकीत असतो. पराग ती स्वतः झटकून कोठ्यात टाकते, पण राळ तिला स्वतःच्या पायांवरून काढता येत नाही. ती जागा धरून उभी राहते आणि दुसरी कामकरी जबड्याने तुकडा धरून ओढते. तार ताणली जाते, तुटते, की पुन्हा दुसरा चावा. वाट पाहत ताटकळलेल्या माश्याही पाहिल्या. अन्न नाही, साठवायचा मध नाही, तरी वसाहत एवढे कष्ट का उपसते? मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. राळेचं अस्तर असलेल्या पेटीत जंतूंचा भार कमी राहतो आणि माश्यांच्या रोगप्रतिकारशक्तीला सतत जुंपून राहावं लागत नाही, असं त्यांना दिसलं. थोडक्यात, औषध माशीच्या पोटात नाही, घराच्या भिंतीवर आहे. मला या छंदात याहून सुंदर गोष्ट अजून भेटलेली नाही.

प्रोपोलिसने वरोआ, म्हणजे मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी माइट, मरतो, असा दावा मात्र मी करणार नाही. खरवडलेल्या पेटीतल्या साधारण अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या अल्कोहोलमध्ये धुतल्या, तेव्हा ९ माइट निघाले. शंभराला तीन म्हणजे हात बांधून बसायची वेळ गेली. एवढ्या माश्या मारायला जीव धजत नाही हे खरं, पण न मोजता अख्खी वसाहत गमावणं त्याहून वाईट.

वरोआचा मूळ यजमान आपली सातेरी, ही इथली देशी मधमाशी. तिच्या कामकरी पिल्लांत त्याची वीण सहसा साधत नाही, नरांच्या कोशांवरच तो तगतो. युरोपीय माशीला वरोआची सवयच नव्हती. पूर्वी समजत, तो माशीचं रक्त पितो. २०१९ मध्ये सॅम्युएल रॅमसी यांच्या गटाने दाखवलं, की प्रौढ माशीत तो चरबीपिंडावर ताव मारतो. साठा, विषनिवारण, प्रतिकार ही सगळी कामं त्याच पिंडाची. म्हणून वरोआने पोखरलेली माशी मरते ती बऱ्याचदा एरवी सोसली असती अशा कीटकनाशकाच्या मात्रेने, उपासमारीने किंवा पंख वेडेवाकडे करणाऱ्या विषाणूने. २००६-०७ च्या हंगामात अमेरिकेत पेट्या ओस पडल्या तेव्हा सगळे एकच गुन्हेगार शोधत होते. तसा एक सापडला नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण वरोआ, विषाणू आणि फुलांचा दुष्काळ तिथेच राहिले.

उपाय दोन केले. पहिला, नरांच्या पिल्लांची फ्रेम. वरोआला नरांचे कोठे फार आवडतात, कारण कामकरी २१ दिवसांत बाहेर येते, तर नराला २४ लागतात. तेवढा जास्त वेळ त्याच्या विणीला मिळतो. कोठे बंद झाले की नर बाहेर पडायच्या आत फ्रेम काढून गोठवायची. ती तारीख चुकली तर आपणच वरोआचा कारखाना चालवला असं होतं. दुसरा, ओव्यात आणि थाईममध्ये सापडणारा थायमॉल. हवा थंड असेल तर तो उडत नाही, फार तापली तर माश्याच पेटीबाहेर लोंबकळतात, म्हणून १५ ते ३० अंशांमधले दिवस धरून लावला. मधाच्या कोठ्या आधी उतरवल्या, नाहीतर वास मधात उतरतो. वरोआवर वापरतात ते ऑक्झॅलिक आम्लही मधात मुळातच असतं, पण त्याची वाफ फुप्फुसं जाळते. मुखवट्याशिवाय त्याला हात लावू नका.

मध काढताना यंदा जास्त ठेवला. मधात परागातून येणारं पी-कुमॅरिक आम्ल माशीची विष पचवणारी जनुकं जागी करतं, हे इलिनॉय विद्यापीठातून २०१३ मध्ये पुढे आलं. साखरपाण्यात ते नसतं. पाक संकटापुरता ठीक, रोजचा आहार म्हणून नाही.

पेटी ठेवणाऱ्याला लोक वैद्य समजतात, म्हणून हेही इथेच. खोकल्यावर मध मी आनंदाने देते. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनेही २०१८ मध्ये साध्या खोकल्याला प्रतिजैविकांआधी मध सुचवला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र चाटणभरही नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू मधात असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजतात. जखमेवर मध काम करतो. त्यात पाणी कमी, आम्लता जास्त, शिवाय माशीच्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पण रुग्णालयात वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, माझ्या बरणीतला नव्हे. प्रोपोलिसचा अर्क मागणाऱ्यांना आधी त्वचेच्या ॲलर्जीबद्दल विचारते. सांधेदुखीसाठी मुद्दाम डंख करून घ्यायला आलेल्यांना सरळ नाही म्हणते. अशा उपचारात तीव्र ॲलर्जीने जीव गेले आहेत. डंखाची ॲलर्जी घालवायला डॉक्टर विषाची मोजकी मात्रा वाढवत नेतात, तो उपचार खरा आणि त्यांच्याच हातचा.

एक गोष्ट मनाला लागून आहे. जगभरच्या पाळीव पेट्यांची संख्या एकूण पाहता वाढतेच आहे. खरी ओहोटी रानटी, एकांड्या माश्यांना लागली आहे, आणि मी पेट्या वाढवल्या तर त्यांच्याच फुलांवर गर्दी होते. म्हणून तिसरी पेटी घेणार नाही. त्यातल्या बहुतेक जणी जमिनीत घर करतात, तेव्हा पेट्यांमागचा उन्हातला उघडा तुकडा न खणता, न झाकता सोडला आहे. तिथे बारीक भोकं दिसू लागली आहेत.

थायमॉलची दुसरी मात्रा संपली की दोन्ही पेट्यांतल्या माश्या एकाच दिवशी अल्कोहोलमध्ये धुऊन वरोआ मोजणार. गुळगुळीत पेटीच्या भिंतींवर तारेच्या ब्रशने आडव्या रेघा मारायच्या आहेत, पण हा आकडा हातात आल्यावरच.